धर्मपीठापासून वेगळे होताना

वाराणसीचा ब्रह्मा घाट मराठी माणसाला परका नाही. पेशवाईच्या काळात नारायण दीक्षित पाटणकरांच्या पुढाकाराने या घाटावर आणि शेजारच्या दुर्गा घाटावर मराठी वस्ती वाढली, आणि पंचगंगेपर्यंतच्या गल्ल्यांमध्ये मराठी घराण्यांच्या पिढ्या नांदल्या. याच ब्रह्मा घाटावर श्री काशी मठ संस्थानाचे मूळ पीठ आहे. या मठाचे वैशिष्ट्य असे, की पीठ गंगेकाठी असले तरी त्याचा शिष्यवर्ग प्रामुख्याने केरळ आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवर व मुंबईत आहे. माध्व संप्रदायातील गौड सारस्वतांचा हा मठ. गुरूचे नाव काशीचे, आणि शिष्यांची घरे, देवळे व देणग्या अरबी समुद्राच्या काठी, अशी ही रचना शतकानुशतके चालत आली आहे.

पीठ एकीकडे आणि अनुयायी दुसरीकडे अशी स्थिती असलेल्या प्रत्येक धर्मसंस्थेपुढे कधी ना कधी एक प्रश्न उभा राहतो. एखाद्या प्रदेशातील अनुयायांना मूळ संस्थेपासून वेगळे व्हावेसे वाटले, तर त्यांनी ते कोणत्या मार्गाने व्हावे? मठांपुढे हा प्रश्न आला, चर्चपुढे आला, गुरुद्वारांच्या प्रबंधक समितीपुढेही आला. वेगळे होण्याची कारणे प्रत्येक ठिकाणी निराळी होती. कोठे भाषा, कोठे अंतर, कोठे उपासनेची पद्धत, तर कोठे केवळ नेतृत्वाविषयीचा अविश्वास. परंतु परिणाम बहुतांशी एकाच गोष्टीवर अवलंबून राहिले. बाहेर पडण्याची वाट आधी आखलेली होती की नव्हती, हीच ती गोष्ट.

गुरूच्या संमतीने झालेली वाटणी

काशी मठाचा स्वतःचा जन्मच अशा वेगळेपणातून झालेला आहे. परंपरेप्रमाणे सारस्वतांचा पहिला वैष्णव मठ म्हणजे गोकर्ण पर्तगाळी जीवोत्तम मठ. उडुपीच्या अष्टमठांपैकी पलिमार मठाच्या परंपरेतून तो १४७५ च्या सुमारास वेगळा झाला, आणि २०२५ मध्ये त्याने साडेपाचशे वर्षांचा उत्सव साजरा केला. पुढे दक्षिणेकडील सारस्वतांसाठी निराळ्या पीठाची गरज भासली, तेव्हा कुंभकोणम मठाचे विजयींद्र तीर्थ यांनी यादवेंद्र तीर्थ यांना दीक्षा दिली. काशी मठाच्या परंपरेत हे वर्ष १५४२ मानले जाते. त्यानंतर स्थूलमानाने उत्तरेकडचा शिष्यवर्ग पर्तगाळीकडे आणि दक्षिणेकडचा काशी मठाकडे अशी विभागणी रूढ झाली.

या दोन्ही घटनांत एक समान सूत्र दिसते. नव्या पीठाला पहिला संन्यासी मिळाला तो जुन्या, मान्यताप्राप्त परंपरेतील गुरूच्या हातून. मूळ संस्थेने दिलेली दीक्षा हाच वेगळे होण्याचा परवाना ठरला. त्यामुळे नव्या मठाच्या अधिकाराबद्दल शंका घेण्यास जागा उरली नाही, आणि दोन्ही बाजूंचे नाते शत्रुत्वाचे न होता शेजाराचे राहिले.

चित्रापूर सारस्वतांची हकिकत याहून निराळी आणि सरकारी कामकाज जाणणाऱ्यांना अधिक ओळखीची वाटेल अशी आहे. परंपरेनुसार अठराव्या शतकाच्या आरंभी नगर संस्थानाच्या दरबारात या समाजाला ‘तुमचा गुरू कोण?’ असे विचारण्यात आले. स्वतंत्र गुरू दाखवता आला नाही, तर दुसऱ्या पीठाच्या अधिकाराखाली जावे लागणार होते. अखेर १७०८ मध्ये परिज्ञानाश्रम स्वामींच्या रूपाने या समाजाला गुरू लाभला. धर्मसमूहाचे वेगळेपण केवळ त्याच्या श्रद्धेवर ठरत नाही, राज्यसत्तेने ते नोंदवावेही लागते, हा धडा तीनशे वर्षांपूर्वीच मिळालेला होता.

संविधानाने आखलेली रेघ

स्वातंत्र्यानंतर ही नोंद घेण्याचे काम संविधानाकडे आले. अनुच्छेद २६ ने प्रत्येक धार्मिक संप्रदायाला धर्मविषयक बाबी स्वतः चालवण्याचा हक्क दिला. मालमत्तेचे प्रशासन मात्र ‘कायद्यानुसार’ करावयाचे, अशी अट त्याच अनुच्छेदात घातली. उडुपीच्या शिरूर मठाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये ही विभागणी स्पष्ट केली. मठाचे अनुयायी हा स्वतंत्र संप्रदाय ठरू शकतो आणि त्याच्या आचारधर्मात सरकारने हात घालू नये. परंतु जमीन, उत्पन्न आणि हिशेब यांचे नियमन कायदा करू शकतो.

तीन वर्षांनी, १९५७ मध्ये, दक्षिण कन्नड जिल्ह्यातील मुल्की येथील वेंकटरमण मंदिराचा खटला निकाली निघाला. हे मंदिर गौड सारस्वतांचे, आणि मुल्कीतील सारस्वत काशी मठाच्या स्वामींचे अनुयायी आहेत, ही गोष्ट निकालातच नमूद झाली आहे. ब्रह्मा घाटाचे नाते अशा रीतीने घटनात्मक कायद्याच्या पहिल्या दशकाशी जुळते. न्यायालयाने सारस्वतांना संप्रदाय म्हणून मान्यता दिली. पण मंदिर सर्व हिंदूंना खुले करण्याचा राज्याचा अधिकार त्या हक्काहून वरचढ ठरवला. काही विशिष्ट विधी तेवढे समाजापुरते राखता येतील, अशी सवलत दिली. संप्रदायाला स्वायत्तता आहे, सार्वभौमत्व नाही, असा या निकालाचा अर्थ होतो.

परंतु या दोन्ही खटल्यांत वाद संप्रदाय आणि राज्य यांच्यातील होता. संप्रदायाच्या आतच दोन बाजू झाल्या तर काय, याचे उत्तर संविधानात सापडत नाही. काशी मठालाच पुढे त्याचा अनुभव आला. १९४९ पासून पीठावर असलेले सुधींद्र तीर्थ यांनी १९८९ मध्ये एका शिष्याला दीक्षा दिली. २००० मध्ये मतभेद विकोपाला जाऊन ते शिष्यत्व संपुष्टात आणले गेले, आणि २००२ मध्ये संयमींद्र तीर्थ यांची शिष्य म्हणून नियुक्ती झाली. वाद तिरुपतीच्या न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००९ मध्ये सुधींद्र तीर्थ यांच्या बाजूने निर्णय झाला. २०१६ मध्ये त्यांच्या समाधीनंतर संयमींद्र तीर्थ पीठाधिपती झाले. न्यायालयापुढील प्रश्न तत्त्वज्ञानाचा नव्हता. पीठाचा अधिकार कोणाचा आणि परंपरेने पूजल्या जाणाऱ्या मूर्ती कोणाच्या ताब्यात राहणार, हा होता. सोळाव्या शतकात दीक्षेने सुटलेला प्रश्न एकविसाव्या शतकात दिवाणी दाव्याने सोडवावा लागला.

चर्चची वाट: ठराव आणि नोंदणी

गुरुपरंपरेच्या जागी सभासदांची सभा आली की प्रश्नाचे स्वरूप बदलते. भारतातील प्रॉटेस्टंट चर्चचा इतिहास त्यासाठी पाहण्याजोगा आहे, आणि त्याचाही एक धागा मराठी काशीतून जातो. काशीतील मराठी ब्राह्मण घराण्यात वाढलेले नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू झाले. ज्या चर्चमध्ये त्यांनी प्रवेश केला, ते त्या काळी भारतात स्वतंत्र नव्हतेच. त्याचे बिशप ब्रिटिश राजसत्तेच्या सनदेने नेमले जात, आणि त्या चर्चच्या कारभारासाठी सरकारचे खातेही होते.

हे चर्च इंग्लंडच्या राष्ट्रीय चर्चपासून वेगळे झाले ते ब्रिटिश संसदेच्या कायद्याने. १९२७ चा इंडियन चर्च ॲक्ट संमत झाला आणि १ मार्च १९३० पासून भारतातील अँग्लिकन चर्च स्वायत्त झाले. मालमत्तेसाठी विश्वस्तांचे स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले. वेगळे होण्याचा दिवस, नव्या संस्थेची घटना आणि इमारतींची व्यवस्था, या तिन्ही गोष्टी आधी ठरल्या आणि मग संबंध तुटला. म्हणूनच एवढे मोठे स्थित्यंतर होऊनही त्यातून पिढ्यानपिढ्यांचे खटले उद्भवले नाहीत.

यानंतरचा प्रवाह उलट, म्हणजे एकीकरणाचा होता. २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साउथ इंडिया अस्तित्वात आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. महाराष्ट्रातील मुंबई, नागपूर, नाशिक, कोल्हापूर, पुणे आणि मराठवाडा हे धर्मप्रांत आज त्याच्या छत्राखाली आहेत, आणि त्याचे मुख्यालय राजधानीत, संसद भवनापासून जवळच पंडित पंत मार्गावर आहे.

या एकीकरणातून दोन संस्था दोन निरनिराळ्या रीतींनी बाहेर राहिल्या, आणि त्यांची तुलना उद्बोधक आहे. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च वाटाघाटींत अनेक वर्षे सहभागी होते. स्थापनेला काही महिने उरले असताना, ऑगस्ट १९७० मध्ये, त्यांनी सामील न होण्याचा निर्णय घेतला. त्यावर टीका झाली. परंतु निर्णय त्यांच्या अधिकृत सभेत आणि एकीकरण होण्यापूर्वी झालेला होता. पुढे ७ जानेवारी १९८१ रोजी तेच चर्च अमेरिकेतील मूळ संस्थेपासून स्वायत्त होऊन मेथडिस्ट चर्च इन इंडिया झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत आहे. दोन्ही वेळा सभासदांना आपण कोठे आहोत हे निश्चित ठाऊक होते.

गुजरातेतील फर्स्ट डिस्ट्रिक्ट चर्च ऑफ द ब्रेदरन या संस्थेचे तसे झाले नाही. तिच्या सभेने १९७० मध्ये विलीनीकरणाचा ठराव केला. पाळक, कार्यालये आणि कारभार नव्या चर्चकडे गेला. सभासदांपैकी एका गटाने मात्र विलीनीकरण अमान्य केले आणि आपली जुनी संस्था जिवंत आहे असा दावा मांडला. ही संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली होती. गुजरात १९६० पर्यंत मुंबई राज्याचा भाग असल्याने तेथे हाच कायदा लागू राहिला. महाराष्ट्रातील धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात एखादा चेंज रिपोर्ट ज्यांनी हाताळला असेल, त्यांना पुढील भाग सहज उमगेल.

सर्वोच्च न्यायालयात हा वाद दोनदा आला. २००५ मध्ये न्यायालयाने सांगितले, की विश्वस्त निधीच्या वारसाहक्काचा असा प्रश्न दिवाणी न्यायालयात नव्हे, तर विश्वस्त कायद्यातील यंत्रणेपुढे, म्हणजे धर्मादाय आयुक्तांपुढे, सुटला पाहिजे. २०१३ मध्ये मूळ मुद्द्यावर निर्णय आला. विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून नोंदणीकृत संस्था आपोआप विसर्जित होत नाही. विसर्जनासाठी कायद्याने सांगितलेली पद्धत पाळावी लागते, आणि ती पाळली न गेल्याने जुन्या संस्थेची मालमत्ता नव्या चर्चकडे गेली असे म्हणता येत नाही, असा त्याचा सारांश आहे. १९७० चा ठराव आणि २०१३ चा निकाल यांत त्रेचाळीस वर्षांचे अंतर आहे. ठरावाच्या वेळी ज्या मुलाचा बाप्तिस्मा झाला असेल, तो निकालाच्या वेळी प्रौढ वयाचा गृहस्थ झालेला होता. आपण ज्या चर्चमध्ये वाढलो ते कायद्याने कोणाचे, याचे अंतिम उत्तर त्याला तेव्हा मिळाले.

येथे एका मराठी प्रयत्नाची आठवण ठेवणे योग्य होईल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पगार आणि आश्रय सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यांनी मिशनची एकही इमारत मागितली नाही, त्यामुळे कोणताही दावा उद्भवला नाही. मात्र १९१९ मध्ये ते निवर्तले आणि दरबारही फार काळ तग धरू शकला नाही. मालमत्ता मागे सोडून बाहेर पडणे नैतिकदृष्ट्या निर्मळ असते. संस्था टिकवण्यास ते पुरेसे होत नाही. वेगळे होऊ पाहणाऱ्या प्रत्येक गटाचा पेच नेमका हाच आहे.

मृतांपर्यंत पोचलेला वाद

हा पेच सुटला नाही तर काय होते, हे केरळात दिसले. मलंकरा चर्चमधील ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट या दोन पक्षांचा वाद शतकाहून जुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ आणि १९९५ मध्ये त्यावर निर्णय दिले, आणि जुलै २०१७ मध्ये पुन्हा सांगितले, की सर्व स्थानिक चर्च १९३४ च्या संविधानानुसारच चालतील. व्यक्तीला चर्च सोडून जाण्याचे स्वातंत्र्य आहे, पण बहुमत आपले आहे म्हणून इमारत आणि मालमत्ता बरोबर नेता येणार नाही, हे या निर्णयाचे सूत्र. कायद्याच्या दृष्टीने ते सुसंगत आहे. परंतु प्रत्यक्षात कित्येक गावांत बहुसंख्य कुटुंबे एका पक्षाची आणि दफनभूमीचा ताबा दुसऱ्या पक्षाकडे अशी स्थिती निर्माण झाली. वाडवडिलांच्या शेजारी दफन होण्यासाठी वाद घालावा लागू लागला. अखेर केरळ सरकारला २०२० मध्ये प्रथम अध्यादेश आणि मग कायदा करून कुटुंबाच्या दफनभूमीत दफनाचा हक्क सुरक्षित करावा लागला. मालकी कोणाची, हा प्रश्न बाजूला ठेवून माणसाची गरज आधी भागवली, हे त्या कायद्याचे महत्त्व.

विधिमंडळाने वेगळेपण दिल्याचे सर्वांत ठळक उदाहरण राजधानीच्या शेजारचे आहे. १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्याने स्थापन झालेली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती १९६६ च्या पंजाब पुनर्रचनेनंतरही हरियाणातील गुरुद्वारांचा कारभार पाहत होती. हरियाणातील शिखांची स्वतंत्र समितीची मागणी दीर्घकाळ चालली. २०१४ मध्ये हरियाणा विधानसभेने कायदा केला, त्याला आव्हान मिळाले, आणि २० सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. जानेवारी २०२५ मध्ये समितीची निवडणूक झाली. येथे धर्मतत्त्वाबद्दल मतभेद नव्हताच. आपल्या प्रदेशातील देवस्थानांचा कारभार आणि उत्पन्न यांवर स्थानिकांचा अधिकार असावा, एवढीच मागणी होती. तरीही ती मान्य होण्यास पुनर्रचनेपासून जवळजवळ अर्धशतक लागले.

संसदेने काय करावे

धर्मादाय व धार्मिक दानसंस्था हा विषय समवर्ती सूचीतील २८ व्या नोंदीत आहे. म्हणजे संसद आणि राज्ये दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. प्रत्यक्षात वक्फ मालमत्तेसाठी केंद्रीय कायदा आहे, हिंदू देवस्थानांसाठी अनेक राज्यांचे निरनिराळे कायदे आहेत, आणि चर्चच्या मालमत्तेसाठी विश्वस्त, संस्था आणि कंपनी कायद्यांचा आधार घ्यावा लागतो. बहुराज्यीय संस्थेच्या एका राज्यातील घटकाने वेगळे व्हायचे ठरवले, तर त्याचे टप्पे सांगणारी तरतूद यांपैकी कोठेही स्पष्टपणे मांडलेली नाही.

केंद्राने चर्चसाठी किंवा मठांसाठी नवा नियामक आणावा, असा याचा अर्थ नव्हे. अल्पसंख्य समाजात त्यामुळे निर्माण होणारी शंका अनाठायी म्हणता येणार नाही, आणि अनुच्छेद २६ ची मर्यादाही आहेच. अधिक सुरक्षित मार्ग संस्थांच्या स्वतःच्या घटनेतून जातो. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने २०१९ मध्ये बाहेर पडण्याची मुदतबंद तरतूद केली. मंडळीने दोनतृतीयांश मताने ठराव करावा, वर्गणी आणि निवृत्तिवेतनाचा आपला वाटा चुकता करावा, आणि मग इमारतीसह वेगळे व्हावे. २०२३ अखेरपर्यंत साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या या वाटेने बाहेर पडल्या. मूळ संस्था दुर्बळ झाली, दुःखही झाले. पण कोण कोठे गेले याबद्दल बहुतेक ठिकाणी संदिग्धता राहिली नाही.

भारतीय धर्मसंस्थांच्या घटनांत सामील होण्याची कलमे सविस्तर असतात, बाहेर पडण्याची मात्र क्वचितच. वेगळे होण्याची भाषा करणे हाच द्रोह मानण्याची वृत्ती त्यामागे आहे. परिणामी, वेगळेपणाचा विचार करणारा प्रादेशिक गट प्रथम गुप्त बैठका घेतो, मग किल्ल्या ताब्यात घेतो आणि शेवटी न्यायालयात जातो. त्याऐवजी किती मतांनी निर्णय व्हावा, विसर्जनाची कायदेशीर पद्धत कोण पार पाडणार, शाळा आणि रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांची देणी कोणाकडे जाणार, आणि दफनभूमी व उपासनेचा हक्क दोन्ही गटांना कसा राहणार, एवढ्या चार प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवली तर पुढील कित्येक वर्षांची होरपळ टळेल. राज्यांच्या धर्मादाय यंत्रणेने अशा नियमावलीचा नमुना तयार करून देण्यास घटनेची अडचण नाही.

वेगळे होणे नेहमीच योग्य असते असे नाही. काही वेळा ते केवळ चार नेत्यांच्या महत्त्वाकांक्षेचे फळ असते आणि मोठ्या संस्थेत राहण्यातच लहान मंडळीचे हित असते. पण तो निर्णय अनुयायांनी करावयाचा आहे, आणि तो करताना देऊळ, चर्च किंवा कबर गमावण्याची भीती त्यांच्या मनात असेल, तर राहण्याचा कौलही मोकळ्या मनाने दिलेला ठरत नाही. सोळाव्या शतकात कुंभकोणमच्या गुरूने स्वतःहून दीक्षा देऊन काशी मठाला स्वतंत्र मार्ग दिला, त्यात त्या गुरूचे काही उणे झाले नाही. आजच्या धर्मसंस्थांच्या नेतृत्वाला तेवढा आत्मविश्वास दाखवता येतो का, यावर त्यांच्या पुढच्या पिढीचा वेळ उपासनेत जाणार की तारखांत, हे ठरणार आहे.